आलास की आलीस?

आमच्या ॲपमध्ये एक साधी ओळ होती: ‘तू परत आलास!’ ती मल्याळम आणि अम्हारिकमध्ये न्यायची होती.

मल्याळमचं काम चटकन झालं. मी आलो, तू आलीस, ते आले, सगळ्यांना क्रियापद एकच: ‘वन्नु’. इथिओपियाच्या अम्हारिकमध्ये मात्र गाडी अडली. तिथे ‘आलास’ला ‘मत्ताह’, ‘आलीस’ला ‘मत्ताश’. म्हणजे स्वागत करण्याआधीच समोरचा पुरुष की बाई, हे ठाऊक हवं.

मी म्हटलं, साइन-अपमध्ये लिंगाचा रकाना टाकू. मग प्रश्न पडला: माझं वाक्य पूर्ण व्हावं एवढ्यासाठी कुणाला हे विचारायचा मला हक्क आहे का?

मग मल्याळम जास्त न्यायी म्हणायची का? तसंही नाही. ‘तो’ आणि ‘ती’साठी तिथेही ‘अवन’ आणि ‘अवळ’ आहेतच. क्रियापद गप्प बसलं म्हणून माणसं समान होत नाहीत.

वाट अम्हारिकमध्येच सापडली. तिचं आदरार्थी रूप, ‘मत्तु’, बाई-पुरुष पाहतच नाही. आपलं ‘तुम्ही आलात’ तरी कुठे पाहतं? आणि मराठीत आम्ही इतके दिवस प्रत्येक मुलीलाही बिनदिक्कत ‘आलास’ म्हणत होतो!

आदर म्हणजे अंतर, असं मला वाटायचं. आता वाटतं, जे विचारायची गरज नाही ते न विचारणं, हाही आदरच.

रकाना टाकला नाही. मराठी ओळ तेवढी बदलली.