सुखाचा जीव दुःखांत

विनाकारण संकटांत शिरणाऱ्या मनुष्यास आपल्याकडे एकच प्रश्न विचारण्याची वहिवाट आहे : 'सुखाचा जीव दुःखांत कां घातलास?' प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु त्याच्या बुडाशीं एक नैतिक सिद्धांत दडलेला आहे. कर्तव्य, पोट, परोपकार अथवा परमार्थ यांपैकीं एकही कारण नसतां जो दुःख सोसतो, तो मूर्ख किंवा दांभिक होय, असा तो सिद्धांत. तो कितपत खरा आहे याचा विचार एका दूरदेशच्या उदाहरणावरून करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हाँगकाँग म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें उंच इमारतींची दाटी उभी राहते. वस्तुतः त्या प्रदेशाचा सुमारें ४० टक्के भूभाग राखीव डोंगररानांचा आहे. १९७६ सालीं त्यासाठीं कायदा झाला, आणि १९७९ सालीं मॅक्लेहोज नांवाची १०० किलोमीटरांची पायवाट लोकांस खुली झाली. मागाहून लांटाऊ बेटावर ७०, हाँगकाँग बेटावर ५० आणि दक्षिणोत्तर जाणारी विल्सन नांवाची ७८ किलोमीटरांची, अशा आणखी तीन वाटा आंखल्या गेल्या. या वाटा सपाटीच्या नव्हेत. पूर्व किनाऱ्यावर ज्वालामुखीची राख थिजून झालेले षट्कोनी दगडी खांब समुद्राच्या कडेस उभे आहेत. तेथून वाट पुळणीवर उतरते, आणि पायांची वाळू झटकली न झटकली तोंच पुन्हां डोंगर चढूं लागते. लांटाऊचें शिखर ९३४ मीटर उंच, म्हणजे आपल्या माथेरानाहून सरस. त्याच्या दगडी पायऱ्या धुक्यांत दिसेनाशा होतात. या वाटांवरून हौशी माणसें चालत तर जातातच, पण धांवतही जातात.

त्यांतील कांहींजण चारही वाटा एका दमांत धांवूं लागले. २०१२ सालीं सुरू झालेल्या या उपक्रमांत २९८ किलोमीटरांचें अंतर ६० तासांच्या आंत पुरें करावयाचें, वाटेवर कोणाची मदत घ्यावयाची नाहीं, हातांत काठी धरावयाची नाहीं, असे निर्बंध होते. बक्षीस कांहीं नाहीं. लांटाऊच्या धक्क्याजवळ एक हिरवी टपालपेटी आहे. तिचें चुंबन घेतलें कीं प्रवास संपला.

ही हकीकत आम्हीं घरांत सांगितली तेव्हां आमच्या आत्याबाई म्हणाल्या, 'मागें वाघ लागला होता का रे त्यांच्या?' आम्ही हंसलों; पण त्या हंसल्या नाहींत. त्यांचें बालपण कोंकणांतल्या एका डोंगरवाडींत गेलें. उन्हाळ्यांत घरची विहीर आटली म्हणजे खालच्या वहाळांतल्या झऱ्यावरून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन दिवसांतून चार खेपा त्यांस कराव्या लागत. 'आम्हांला कोणी धांवपटू म्हटलें नाहीं,' एवढेंच बोलून त्या आंत गेल्या.

हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. मॅक्लेहोज वाटेच्या आरंभीं जो विस्तीर्ण जलाशय लागतो, तोच पाहा. १९६३ सालीं हाँगकाँगांत असें अवर्षण पडलें कीं नळास चार दिवसांतून एकदां चार तास पाणी येई. बादल्या घेऊन लोक रांगेंत ताटकळत. पुढें किनारा आणि एक बेट यांमधील समुद्राची चिंचोळी पट्टी दोन्ही बाजूंनीं धरणें बांधून अडविली, आणि १९७८ सालीं गोड्या पाण्याचा हा सांठा पुरा झाला. आज त्याच्या कांठानें धांवपटू हौसेनें तहान सोशीत जातो. एकाची तहान नशिबीं आलेली, दुसऱ्याची मागून घेतलेली. पहिलीला कोणी पराक्रम म्हणत नाहीं. मग दुसरीला कां म्हणावें? ज्यास केव्हांही थांबतां येतें, त्याचे कष्ट हें कष्टांचें नाटकच नव्हे काय?

प्रथम एक गोष्ट मोकळेपणानें मान्य केली पाहिजे. दुःखांत स्वतःचें असें पुण्य नाहीं. गुडघे सुजले म्हणून कोणाचा आत्मा उजळत नाहीं. आत्याबाईंच्या चार खेपांपुढें ही दौड नैतिक दृष्ट्या उणीच ठरेल. कारण त्या खेपांनीं घरचीं माणसें जगलीं. परंतु 'थांबतां येतें' हा जो आक्षेपाचा मुख्य मुद्दा, त्यांतच त्याच्या उत्तराचें बीज आहे असें आम्हांस वाटतें. गरजेचें ओझें खालीं ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. ज्यास दर वळणावर थांबण्याची मुभा आहे, त्यास मात्र दर वळणावर नवा निश्चय करावा लागतो. दुसऱ्या रात्रीं झोंपेनें डोळे मिटत असतां, खालीं शहराचे दिवे खुणावीत असतां, आणि एखादा आडफांटा गुपचूप अंतर कमी करूं शकत असतां, तो आंखलेली वाट सोडीत नाहीं. पाहणारा कोणी नाहीं; म्हणजे तो वचन पाळतो तें केवळ स्वतःस दिलेलें. आपण सुखवस्तु माणसें अशीं वचनें किती सहज मोडतों! पहांटे उठण्याचें, खर्च आटोपण्याचें, राग आवरण्याचें. जाब विचारणारा कोणी नसतो, म्हणूनच तीं मोडतात.

तरीही एवढ्यानें समाधान होत नाहीं. कारण असला निश्चय अहंकारासही खतपाणी घालतो. त्यावरील उताराही याच डोंगरांत सांपडतो. १९८१ सालीं ब्रिटिश सैन्यांतील गुरखा सैनिकांनीं मॅक्लेहोज वाटेवर एक उपक्रम सुरू केला. १९८६ पासून ऑक्सफॅम या संस्थेच्या साह्यानें तो नागरिकांसही खुला झाला, आणि दीनदुबळ्यांसाठीं त्यांतून निधि जमूं लागला. त्यांत एकट्यानें उतरावयाचें नाहीं. चौघांचा संघ, आणि ४८ तासांची मुदत. येथें सर्वांत चपळ माणसाच्या वेगास कांहींच किंमत उरत नाहीं. ज्याची टांच फुटली असेल त्याच्या पावलानें चौघांनीं चालावयाचें. बलवानाची खरी परीक्षा येथें लागते : त्यास धांवावयाचें नसतें, थांबावयाचें असतें; आणि तेंही चेहऱ्यावर उपकाराची छटा उमटूं न देतां.

मग मागून घेतलेल्या कष्टांची योग्यता कशावरून ठरवावी? आमच्या मतें एकाच गोष्टीवरून : ते भोगून परतलेल्या मनुष्यास सक्तीचे कष्ट भोगणारा माणूस अधिक दिसूं लागतो, कीं कमी. डोंगरांतल्या कित्येक जुन्या वाटा ओझीं वाहणाऱ्या गांवकऱ्यांच्या पावलांनीं मळलेल्या असतात, हें ज्याच्या ध्यानीं येतें, आणि एका दिवसाच्या तहानेवरून ज्यास १९६३ च्या रांगेची कल्पना येते, त्याची धांव फुकट गेली नाहीं. उलट, 'मीं सोसलें, मग इतरांनीं कां सोसूं नये?' असें जो म्हणूं लागतो, त्यानें सुखाचा जीव दुःखांत खरोखरच व्यर्थ घातला.

सायंकाळीं हें सर्व आम्हीं आत्याबाईंस सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, 'तो टांच फुटलेला चौथा, पोंचतो का रे शेवटीं?' प्रारंभींच्या प्रश्नाहून हा प्रश्न आम्हांस अधिक योग्य वाटला.