परवान्यापूर्वीची हत्या

जेम्स बाँडला लाभलेला 'हत्येचा परवाना' लोकप्रिय संस्कृतीत इतका रुळला आहे की त्यातील नैतिक पेच आता सहसा कोणाला खुपत नाही. परवाना कृतीला वैधता देतो, हे उघड आहे. पण तो कर्त्याला दोषमुक्तही करतो काय? मार्टिन कॅम्बेल दिग्दर्शित 'कसिनो रोयाल' (२००६) हा चित्रपट या प्रश्नाच्या संदर्भात वाचण्याजोगा आहे, कारण तो परवान्याच्या वापरापासून नव्हे, तर त्याच्या प्राप्तीपासून सुरू होतो.

इयान फ्लेमिंगच्या १९५३ च्या मूळ कादंबरीत न्यूयॉर्क व स्टॉकहोम येथील दोन हत्यांच्या बळावर बाँडने हा दर्जा मिळवलेला असतो. रुग्णालयात पडून तो त्या आठवतो आणि सत्-असत् या विभागणीविषयीच शंका घेतो. चित्रपटाने ही शंका वगळली आहे. हत्या मात्र स्मृतीतून काढून श्रेयनामावलीच्याही आधी, प्रेक्षकासमोर मांडल्या आहेत. कृष्णधवल प्रतिमा, स्वच्छतागृहातील दमछाक करणारी झटापट. आणि नंतर प्रागमधील कार्यालयात एका गोळीत उरकलेली दुसरी हत्या. पहिली अवघड, दुसरी सोपी: नैतिक संवेदनेच्या क्षयाचा सारा इतिहास या दोन दृश्यांत सामावला आहे.

परंतु दोन हत्यांवाचून परवाना नाही, याचा अर्थ या दोन हत्या परवान्यावाचून झाल्या आहेत. त्यांमागे आदेश होता, असा आक्षेप घेता येईल. पण आदेश पुरेसा असता तर परवान्याचे प्रयोजनच उरले नसते. वॉल्टर बेंजामिनने १९२१ मध्ये कायदा स्थापणारी हिंसा आणि कायदा राखणारी हिंसा असा भेद केला होता. येथे पहिलीच दुसरीची पात्रता-परीक्षा होते. वैधतेच्या मुळाशी असलेले अवैध कृत्य राज्यसंस्था विसरत नाही. ती त्याची अर्हता म्हणून नोंद करते.

मग दोष जातो कोठे? माँटेनिग्रोतील हॉटेलच्या जिन्यात दोघांना ठार केल्यावर बाँड रक्त धुतो, सदरा बदलतो आणि जुगाराच्या टेबलाशी परततो. झटापटीत केवळ हल्लेखोराचे पिस्तूल दूर सारणारी व्हेस्पर लिंड मात्र अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली बसून राहते. हातांवरचे रक्त जात नाही, असे तिला वाटते. परवाना दोष नष्ट करीत नाही. तो परवाना नसलेल्याकडे सरकवतो. या व्यवहारात प्रेक्षकही गुंतलेला आहे. बंदुकीच्या नळीतून बाँडकडे पाहण्याचा या मालिकेतील परिचित संकेत येथे स्वच्छतागृहातील मरणाऱ्या माणसाची दृष्टी बनतो, आणि क्षणभर आपण त्याच्या जागी असतो.

चित्रपट हे भान अखेरपर्यंत पेलत नाही. व्हेस्परची फितुरी उघड होते, व्हेनिसमध्ये ती बुडून मरते आणि तिचा अपराधभाव पूर्वलक्ष्यी रीतीने फितुरीच्या खाती जमा होतो. शेवटी नायक आपले नाव सुपरिचित पद्धतीने उच्चारतो व मालिका पूर्ववत सुरू होते. मालिकेला सातत्यासाठी विस्मरण लागते, हे समजण्यासारखे आहे. पण त्या नावाच्या उच्चाराने आपल्याला होणारा आनंद कोणाच्या विस्मरणावर उभा आहे, हा प्रश्न प्रेक्षकाने स्वतःला विचारावयाचा आहे. त्याला त्यासाठी कोणीही परवाना दिलेला नाही.