मागत राहावें कीं मानून घ्यावें?

चिंचेच्या झाडावरून किंवा माळवदावरून पडून, अथवा विहिरींत सूर मारतांना, एखाद्या मुलाच्या पाठीचा कणा मोडतो व कण्याच्या आंतला मज्जारज्जु दुखावतो. त्या क्षणापासून कंबरेखालचें शरीर त्याचें असून नसल्यासारखें होतें. अशा घरीं प्रार्थनेस गेलेल्या उपदेशकास एक प्रश्न चुकत नाहीं. आई विचारते, "मास्तर, देवाजवळ त्याचे पाय मागत राहूं कीं नको?" बाप उंबऱ्याकडे पाहत म्हणतो, "जें झालें तें झालें. देवाची इच्छा." मंडळींतील लोक आईच्या बोलण्यास विश्वास म्हणतात, बापाच्या बोलण्यास कोणी शहाणपण म्हणतात, तर कोणी अविश्वास. ही वांटणीच आम्हांस पटत नाहीं.

हाड जसें सांधतें तसा हा रज्जु सांधत नाहीं. मात्र तो पुरता निकामी झाला नसेल, तर गेलेली हालचाल कांहीं अंशीं परत येते, आणि जें यावयाचें तें बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरांत दिसूं लागतें. आरंभींच्या आठवड्यांत तर डॉक्टरांसहि शेवटचा शब्द सांगतां येत नाहीं. (पडलेल्या मुलास हातपाय धरून उचलूं नये, दाराच्या फळीवर, मान व पाठ न वांकवितां, सरळ निजवून न्यावें. उचलतांना झालेल्या घाईनें पुष्कळ नुकसान होतें.) तेव्हां त्या दिवसांत पाय मागणाऱ्या आईस कोणी वेडी म्हणूं नये, आणि दोन वर्षें उलटूनहि पाय हालले नाहींत, हें जो बाप उघड्या डोळ्यांनीं पाहतो, त्यास अविश्वासी म्हणूं नये.

शास्त्रांत असें एक मूल आहे. शौल व योनाथान पडल्याची बातमी आली तेव्हां पांच वर्षांच्या मफीबोशेथास घेऊन त्याची दाई पळाली. घाईंत तो पडला व दोन्ही पायांनीं अधू झाला. त्या दाईचें पुढें काय झालें, हें शास्त्र सांगत नाहीं. आमच्या मनांत ती पुष्कळदां येते, कारण अशा प्रत्येक घरांत एक जण असा असतो, ज्याच्या हातून मूल सुटलें किंवा ज्यानें त्यास झाडावर चढूं दिलें. मुलाची विचारपूस करितांना त्या माणसाकडेहि उपदेशकानें वळून पाहावें. पुढें दावीद राजानें मफीबोशेथास बोलावून आपल्या पंक्तीस बसविलें. तो अध्याय संपतो तेव्हां तो राजाच्या मेजावर जेवीत आहे, आणि अजून दोन्ही पायांनीं अधूच आहे. पंक्तींत जागा मिळणें म्हणजे काय, हें आमच्या लोकांस कोणी शिकवावयास नको. पाय आणि पंक्ति ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली न मिळतांहि दुसरी मिळूं शकते.

परंतु "मानून घेतलें" ह्या शब्दांखालीं मोठें पापहि लपतें. मूल कोपऱ्यांत एका कुशीवर पडून राहतें, कातडीस जाणीव नसल्यामुळें जखम कळत नाहीं, लघवीचा मार्ग दूषित होऊन ताप चढतो, आणि शेवटीं गांव म्हणतें, देवानें नेलें. जर्मनींतून परागंदा झालेले यहूदी डॉक्टर लुडविग गटमन ह्यांनीं १९४४ सालीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें असे रोगी हातीं घेतले. तोंपर्यंत ते लवकरच मरावयाचे, असें बहुतेक धरून चालत. गटमन ह्यांनीं त्यांस दिवसारात्रीं दर दोन तासांनीं कूस बदलून देण्याचा नेम घातला. पाय परत आणण्याची विद्या त्यांच्यापाशीं नव्हती; आयुष्य मात्र पुष्कळांचें वांचलें. कूस बदलणें, रोज कातडी पाहणें, स्वच्छ नळीनें वेळेवर लघवी काढणें, हें सर्व इस्पितळांत शिकून घरीं करतां येतें. दुखापत मानून घ्यावी. जखम मानून घेऊं नये.

आशेच्या नांवानें होणारा घातहि लहान नाहीं. कोणी डाग देतो, कोणी तापलेली वीट लावतो, आणि बधिर पाय भाजून निघतो. कोणी शेत गहाण टाकून एका सभेहून दुसऱ्या सभेस जातो, व तेथें आईस ऐकविलें जातें कीं, तुझा विश्वास उणा पडला. असें बोलणाऱ्यानें योहानाचा नववा अध्याय पुन्हां वाचावा. पौलानें आपल्या देहांतील काट्याविषयीं तीनदां विनविलें. काटा निघाला नाहीं. त्याच्या विश्वासांत काय उणें होतें?

वेल्लोरच्या डॉक्टर मेरी वर्गीस ह्यांचे पाय १९५४ सालीं मोटारीच्या अपघातांत गेले. पुढें चाकांच्या खुर्चींत बसून त्यांनीं कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि १९६६ सालीं त्यांच्या देखरेखीखालीं तेथें अपंगांस पुन्हां उभारी देणारी संस्था सुरू झाली. हें आम्ही भीतभीतच लिहितों. प्रत्येक मूल मेरी वर्गीस होणार नाहीं, आणि तसें होण्याची अट त्याच्यावर घालणें हीहि एक क्रूरताच आहे.

मूल स्वतः विचारील, "मी चालेन का?" त्यास खोटें सांगूं नये, जेवढें ठाऊक असेल तेवढें सांगावें, व मग त्याचें पुस्तक उघडावें. आईनें पहाटे पाय मागावे आणि रात्रीं उठून कूस बदलावी. एका मनांत दोन्ही मावतात. बापानें मात्र शाळेचें पाहावें.

आणि मंडळीनें आपल्या उपासनामंदिराच्या पायऱ्यांकडे पाहावें. पुष्कळ ठिकाणीं त्या तीन-चारच असतात. शेजारीं उतार बांधणें हें गवंड्याचें थोड्या दिवसांचें काम आहे, व तें पावसाळ्यापूर्वीं उरकतें.