पानभर लिहिण्याची कमाई



काल रात्री माझ्या ब्लॉगवरचा सात वर्षांपूर्वीचा एक लेख उघडला. पापड लाटताना पोळपाट सरकू नये म्हणून आजी त्याच्याखाली ओलं फडकं घालायची. मी हे साफ विसरलो होतो. लेखात ते जसंच्या तसं होतं. त्याच महिन्यात फेसबुकवर काय काय टाकलं होतं, ते मात्र काही केल्या आठवेना.

तिथं चार ओळी टाकल्या की पाच मिनिटांत अंगठे मोजायला हात मोबाइलकडे जातो. लेखाचं तसं नसतं. वाक्य खोडावं लागतं, पुन्हा लिहावं लागतं, आणि आपल्याला नेमकं काय म्हणायचंय ते कधी कधी तिसऱ्या परिच्छेदात उमगतं. मला तरी लिहिण्याची खरी कमाई हीच वाटते.

आणि लिहिलेलं किती टिकतं, तेही पाहा. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडायचं म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. पुढे पंचवीसेक वर्षांनी तो सगळा प्रवास त्यांनी लिहून काढला. ‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक छापून आलं १९०७ साली, त्यांच्या पश्चात. छापील पान त्यांना दिसलंच नाही, पण वेढ्यातली झाशी आज आपण त्यांच्या डोळ्यांनी पाहतो.

आज रात्री मोबाइल बाजूला ठेवा. घरातल्या एखाद्या माणसाबद्दल पानभर लिहा, आणि लगेच कुणाला दाखवू नका.