फळ सोडणं आणि फळ लांबवणं

व्यावसायिक पोकरपटू नकळत गीतेतला कर्मयोग जगतो, असं म्हणण्याचा मोह सहज होतो. निर्णय चोख घ्यायचा, पुढचं पान कुठलं निघेल याची फिकीर करायची नाही. हे म्हणणं तपासायला डॉइल ब्रन्सनची कारकीर्द उत्तम. टेक्ससच्या एका खेड्यात १९३३ मध्ये जन्मलेला हा माणूस २०२३ मध्ये गेला. पायाच्या दुखापतीनं बास्केटबॉल सुटल्यावर त्यानं पत्ते धरले, ते म्हातारपणापर्यंत. 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'मधल्या दहा स्पर्धा त्याच्या नावावर आहेत. त्यांपैकी १९७६ च्या मुख्य स्पर्धेतला शेवटचा डाव बघा. त्याच्या हातात दश्शी आणि दुर्री, म्हणजे जाणता खेळाडू एरवी टाकूनच देईल अशी पानं. समोर जेसी आल्टोकडे एक्का-गुलाम. पटावर एक्का, गुलाम, दश्शी उघडली, मग दुर्री आली. दोघांच्याही दोन-दोन जोड्या झाल्या, पण आल्टोच्या वरचढ. न दिसलेल्या ४४ पानांपैकी चारच पानं ब्रन्सनला तारणारी होती. शेवटचं पान दश्शी निघालं. पुढच्याच वर्षी तो पुन्हा याच दोन पानांवर जिंकला आणि ती जोडी त्याच्या नावानं ओळखली जाऊ लागली. म्हणजे कीर्ती येऊन चिकटली ती अकरांपैकी दहा वेळा हरला असता अशा डावाला.

यावरून सगळा नशिबाचाच खेळ, असं मात्र ठरत नाही. निव्वळ नशीब अर्धशतक साथ देत नाही. महाभारताच्या वनपर्वातल्या, कलीनं झपाटल्यामुळे द्यूतात राज्य हरलेल्या नलाला राजा ऋतुपर्णानं बेहड्याच्या झाडाची पानंफळं मोजून दाखवली, अक्षहृदय म्हणजे फाशांचं मर्म शिकवलं, आणि ते उमगताच नलाच्या अंगातला कली बाहेर पडला. मोजता आलं की झपाटलेपण उतरतं, हे त्या कथाकाराला पक्कं ठाऊक असावं. ब्रन्सनसारख्यांची निश्चिंतीही याच मोजदादीवर उभी असते. आज पान फिरलं तरी हजारो डावांत हिशेब जुळतो. इथे फळ सुटलेलं नाही, फक्त लांबणीवर पडलं आहे. यावर कुणी म्हणेल, हेतू काहीही असो, मन तर स्थिर राहिलं ना? राहिलं, आणि ती शिस्त लहान नव्हे. हरलेले पैसे आजच वसूल करायचे या इरेला न पेटता दुसऱ्या दिवशी तितक्याच थंड डोक्यानं बसणं भल्याभल्यांना जमत नाही. पण ही स्थिरता सरासरीच्या जामिनावर मिळालेली आहे. अर्जुनाला असा जामीनदार नव्हता. कुरुक्षेत्र एकदाच होणार होतं.

आयुष्यातही निर्णय असंख्य असतात, तिथेही सरासरी लागू पडेलच की, असा आणखी एक आक्षेप येईल. किरकोळ व्यवहारात पडतेही. माणूस खरा पणाला लागतो ते डाव मात्र एकेकदाच येतात. ब्रन्सनला साठच्या दशकाच्या सुरुवातीला कर्करोग झाला, डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. तो वाचला आणि श्रेय त्यानं प्रार्थनेला दिलं. १९८२ मध्ये त्याची मुलगी अठराव्या वर्षी वारली, तेव्हाही तो श्रद्धेकडेच वळला. शक्यतांवर जगलेल्या माणसाचं हे तर्काशी फितूर होणं होतं, असं मला वाटत नाही. जी गोष्ट पुन्हा घडणारच नाही तिची सरासरी कशी काढणार? निष्काम कर्माची परीक्षा अशाच ठिकाणी होते. त्यात तो उतरला की नाही, हे त्याच्या पत्त्यांवरून सांगता येत नाही.