शेवटचा नंबर कोणाचा?

पोटासाठी चाकरी करण्यात कमीपणा नाही. चाकरी करताना आपला विवेक कोणाच्या हवाली करायचा, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या शेजारचा एक तरुण पुण्याजवळ हिंजवडीला एका मोठ्या परदेशी कंपनीत आहे. कचेरी इथे, मालक सातासमुद्रांपलीकडे. पगार उत्तम, हाताखाली दहा माणसे. मध्यंतरी घरी आला तो जेवेचना. आईने खोदून विचारले तेव्हा म्हणाला, "अगं, दहाही जणांनी राबून काम वेळेत पुरं केलं. आता अप्रेझलला वरून हुकूम आलाय, एक तरी तळाला दाखवलाच पाहिजे. कोणाचं नाव लिहू?"

ही रीत जुनी आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे १९८१ ते २००१ पर्यंतचे प्रमुख जॅक वेल्च यांनी नोकरांचे तीन भाग पाडले : वरचे शेकडा २०, मधले ७०, तळाचे १०. तळच्यांनी सुधारावे, नाहीतर जावे. पुढे इतरांनीही हा कित्ता गिरवला. कामचुकाराला भिडेखातर पाठीशी घालू नये, हा हेतू काही वाईट नव्हे. परंतु दहा घागरी काठोकाठ भरल्या असता, एक रिकामी असे वहीत लिहिल्याने ती रिकामी होते काय? शिवाय जोडीदाराला हात द्यावा, तर आपलाच नंबर घसरायचा. मायक्रोसॉफ्टने आपल्याकडील अशी क्रमवारी २०१३ साली सोडून दिली. तरी कुठे कुठे ती अजून चालते.

तरुण म्हणतो, "नियम माझा नाही." खरे आहे. पण अहो, कंपनीला हात नसतात. लिहिणारा हात आपलाच असतो. नोकरी सोड, असे मी त्याला सांगणार नाही. घराचे हप्ते त्याला भरायचे आहेत, मला नव्हे. तथापि दोन गोष्टी त्याच्या हाती उरतातच. दहाही जणांचे काम चोख आहे, हे वरिष्ठांना लेखी कळवावे. तरीही नियम टळला नाही, तर ज्याचे नाव खाली जाईल त्याला समोर बसवून खरे सांगावे : "तुझं काम कमी नव्हतं, वरच्या जागा कमी होत्या."

तो विचारील, "मग माझंच नाव का?" याला उत्तर नाही. ते उत्तर नसणे सोसावे. आपण इथेच घसरतो. मनाची टोचणी जावी म्हणून त्या माणसाचे बारीकसारीक दोष हुडकू लागतो, आणि चार दिवसांनी ते आपल्यालाच खरे वाटू लागतात. अन्याय हातून घडला, ही लाचारी असेल. त्याला न्याय म्हणणे ही लाचारी नव्हे, ती लबाडी होय.

आणि ज्याचे नाव तळाला गेले, त्यानेही एवढे ध्यानी ठेवावे : तो आकडा कागदावरचा आहे. त्यावरून घरी बायकामुलांसमोर मान खाली घालण्याचे कारण नाही.