पसायदानातलं मैत्र



आज चिंतनाला पसायदान घेतलंय. शाळेत रोज म्हटलेलं, म्हणून अर्थाकडे न बघताच तोंडातून निघून जातं. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी माउली जे मागतात, त्यात खलांना शिक्षा व्हावी असं कुठेच नाही. त्यांचा वाकडेपणा जावो, सत्कर्माची गोडी वाढो आणि लगेच पुढे, जिवांचं एकमेकांशी मैत्र जुळो.

मी नेहमी या क्रमापाशी अडतो. गोडी लागली, झालं की! मग मैत्र कशाला? कारण एकट्याने ती गोडी टिकत नाही.

आपलं पालघरचं माहीम सांगितलं की लोक मुंबईचं समजतात (सवय झालीय!). त्या माहीमला डेव्हिड ससून यांच्या नावाची, १८५७ साली सुरू झालेली मुलांची सुधारशाळा आहे. डोंगरीचं निरीक्षणगृह तर सगळ्यांना ऐकून माहीत. अशा ठिकाणी घर सुटलेलं असतं आणि आजूबाजूला सगळी पोरंच. रात्री रडणाऱ्या नव्या पोराच्या शेजारी कोण झोपलंय, यावर खूप काही ठरतं. तो दमदाटी करेल, बाहेरच्या टोळीशी ओळख करून देईल, किंवा "अरे, दोन घास खा" म्हणेल. म्हणून 'वाईट संगत' म्हणत सगळीच मैत्री तोडायची, हे मला पटत नाही. वाल्याला घरच्यांनी पापात वाटा नाकारला, तेव्हा परत येऊन बोलायला नारद होते. तेवढं असणंच मोठं.

२०१५चा बाल न्याय कायदा या मुलांना गुन्हेगार म्हणत नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. शब्द बोजड, पण भाव माउलींचाच. बहुतेकांना विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षंच ठेवता येतं. नाव छापायलाही बंदी.

पण आळीत सगळ्यांना माहीत असतंच ना! पोरगा घरी येतो तेव्हा क्रिकेटच्या टीममध्ये जागा नसते, व्हॉट्सॲप ग्रुपमधून नाव गेलेलं असतं. मग ओळख दाखवणारे उरतात फक्त आतले मित्र. आणि आपणच म्हणतो, बघा, याची संगत काही सुटली नाही.

गोविंदाच्या सरावाला खालच्या थरात खांदे कमीच पडतात. या वेळी त्याला हाक मारा. भजनाला नाही आला तरी चालेल.